टमरेलातली कॉफी

कॉफी घरी भाजणारी माणसं डोक्यानं जरा सरकलेलीच असतात. मीही त्यातलाच. परवा रविवारी आईच्या कढईत बिया भाजल्या, तर शेजारी विचारत आले, "कुठलं गोडाऊन पेटलं?" गोडाऊनांच्या आमच्या भिवंडीत धूर दिसला की पहिला प्रश्न हाच.

दुपारी माझ्यासारखेच तीन येडे ठाण्याहून चव बघायला आले. आमची पद्धत ठरलेली. चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची आणि टमरेलात थुंकायची. माझा जीव टांगणीला, कारण त्यांच्यातला निलेश तोवर कुणाच्याच कॉफीला चांगलं म्हणालेला नव्हता.

निलेशनं ओढली, घोळवली, थुंकली. म्हणाला, "जबरदस्त!"

मी हवेत. तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "जबरदस्त हाय, तर थुकतोस कशाला रं?"

"काकू, नुसती चव घ्यायची असते. गिळत नाहीत."

आई आत गेली. मला वाटलं, पटलं तिला. थोड्या वेळानं ती चार कप चहा घेऊन आली, निलेशसमोरचं टमरेल उचललं आणि म्हणाली,

"घ्या. ह्यो गिळायचा हाय."