मांडवाच्या दारात घोडीचा पाय

नवरदेव बसवतो ती आमची घोडी माहीत हाय न्हवं? तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकते. डॉक्टर म्हणालेले, "जास्त वेळ उभी करू नका. अडकलीच तर मागं चालवा, सुटते."

परवा वरातीतली पोरं चौकात तासभर नाचली. मांडवाच्या दारात पोचलो आणि घोडीचा पाय ताठ! मी घोडीच्या छातीला हात लावून तिला मागं रेटायला लागलो. नवरदेव दारातनं माघारी निघालेला बघून नवरीच्या बापानं फेटा काढून हातात घेतला.

"पावणं, काय चुकलं आमचं?"

"तुमचं न्हाय वो, ह्या नाचणाऱ्यांचं!"

आता वरात ठरवायला कोण आलं की पहिलंच सांगतो, "नाचायचं तर चालत चालत नाचा. न्हायतर नवरा माघारी जाईल."