कोड कुणाला सांगायचा नाय

नाय, कोड मी सांगणार नाय. तुमी शहरातून गाडी घेऊन फुलंब्रीपस्तोर आले, बसा, पाणी प्या — पण कोड नाय. मेसेजमधीच लिहून येतंय ना, कुणाला सांगू नका म्हणून. पोराचा शब्द मी मोडू व्हय? तुमाला कोड येत नाय का? मंग तुमच्या पोराला सांगा, पाठवंल. मान कशाला हलवता — पोरगंच नाय? लगीन राहिलं व्हय? आगं बया, केस पिकले की हो. म्हणून त्या सोयरिकीच्या ॲपात शिरले. बरं केलं, लाजायचं काय त्यात.

आमचा इंद्रजीत तिथंच कामाला हाये ना. समदं त्यानंच लिहिलंय — माणसानं नंबर टाकला की संगणक आपोआप व्हाट्सॲपवर कोड धाडतो, तो भरला की मंग पोरी दिसत्यात. दिवाळीत घरी आला तव्हा म्हणला, आई, चालतंय का बघायला तुझा नंबर टाकतो, मंग काढून टाकीन. टुंग झालं. मी म्हणलं, काढतो कशाला, राहू दे की. त्याला फोन करायला येळ नसतो हो, लई राबवून घेतो त्याचा मालक, तो साहेबराव — कंजूष मेला, दिवाळीला सोनपापडीचा डबा दिला, तोबी फुटका. पण मेसेज येत्यात. मागल्या आठवड्यात ॲप चालू झालं, तव्हापासून तर खळच नाय. भाकरी थापताना टुंग, शेळ्या सोडताना टुंग. शेजारच्या सरूबाईचं पोरगं पुण्याला, महिन्यात एकदा फोन करतंय. मी दाखवती तिला — कोड झाकून. अन् मीबी दर खेपेला जबाब देती. जेवला का. शेळी व्याली. शाळेमागचा रस्ता झाला, आता फुलंब्रीत गाडी दारापस्तोर येती, ये.

त्याच्यावरनंच घर सापडलं? म्हणजे ते तुमी वाचलं? समद्या लोकांचे कोड माझ्याकडंच येत्यात, अन् तिकडं कुणाला काय जातच नाय — असं म्हणता? मालक... तुमीच साहेबराव?

इंद्रजीत? कोण इंद्रजीत? मला पोरगंच नाय. नंबर माझा मीच टाकला, हौस म्हणून. सोनपापडीचंबी मी दुसऱ्याच मालकाचं सांगत होते, तुमची तर लई गोड होती — हसू नका. नंबर काढायचा तर काढा साहेब, पोराला काढू नका. गडबडीत राहिलं असंल त्याच्याकडून, अन् मीच म्हणलं होतं राहू दे.

थांबा, चहा टाकती. एक इचारू? माझे जबाब तुमच्या हापिसातच जात होते म्हणता — मंग त्याला एकबी गेला नाय?

बरं. नको चहा? मंग निघा, ऊन व्हतंय. अन् तिथं गेल्यावर रागवायच्या आधी तेवढं इचारा त्याला, जेवला का म्हणून.