तेल कोमट होईपर्यंत

नाही ताई, अजून उतरायचं नाही — ब्रेकवरचा पाय तसाच ठेवा, चाकांना ठोकळे लावलेत, पण गाडीखालच्या खड्ड्यात माझी सून आहे आणि सून मला एकच आहे. हं, आता गिअरचा दांडा सगळीकडून फिरवा, प्रत्येक ठिकाणी जरा थांबा, म्हणजे तेल कानाकोपऱ्यात पोचतं — आणा परत पार्किंगला. झालं. आता नुसतं बसायचं. काय म्हणता? मोठ्यानं बोला, तुमचा सायलेन्सर फुटलाय, मला माझंच ऐकू येत नाही. तेल मोजायची काठी? घरी बॉनेट उघडून काठी ओढलीत, तेल भरपूर दिसलं, जीव भांड्यात पडला — अहो, ती इंजिनाची काठी. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. ह्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला काठीच नाही. मग मोजायचं कसं? खालून. तळाला एक बोल्ट असतो — गाडी सपाट, इंजिन चालू, तेल कोमट, तेव्हाच तो उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे, भरायचं. भसाभसा आलं तर कुणीतरी जास्त ओतलंय. कोमटच का? थंड तेल आक्रसतं, उगीच कमी दाखवतं, आणि फार तापलं की फुगतं, नको तेवढं वाहून जातं. म्हणून थांबायचं. हे थांबणं सूनबाईचं काम, मला कुठली एवढी सबुरी.

मुलगा माझा शाळेत गणित शिकवतो, पान्याला हात लावायचा त्याला कंटाळा — पान्याचं प्रेम घरात आलं ते सुनेबरोबर. दिवसभर आम्ही भांडतो, कुठला नट आधी, रेडिओ केवढा मोठा — फार मजा येते. आज मात्र भांडली नाही. सकाळपासून ‘पाना द्या’, ‘दिवा धरा’, एवढंच. का? माझंच तोंड. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपनं बोलावलंय, मुख्य मेकॅनिक म्हणून, मुलगाही जायला तयार. काल जेवताना तिनं विचारलं, बाबा, जाऊ का? आणि मी मान वर न करता म्हणालो, जा की, इथं तुझ्यावाचून काय अडलंय. मला वाटलं, काय मोठ्या मनानं बोललो. ती ताट उचलून आत गेली. आज संध्याकाळी तिला वर्कशॉपला उत्तर द्यायचंय. मुलगा म्हणतो, बाबा, तिला ऐकायचं होतं ते तुम्ही बोललाच नाहीत. पण कसं बोलणार, तुम्हीच सांगा — सासऱ्यानं सुनेच्या पायात बेडी घालायची?

उघडला बघा बोल्ट. वाकू नका हो, पाय सरकेल, मी बघतो — काहीच येत नाही. तरीच गिअर घसरत होते. भरतेय ती आता, भरू दे, तिचा हात सावकाश चालतो. काय सांगत होतो? हां. गॅरेजचं काही नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पण ती गेल्यावर मी भांडू कुणाशी? घर खायला उठेल मला. तुम्ही परक्या, म्हणून बोलतो — ती खाली आहे, ह्या आवाजात तिला काय ऐकू जातंय — तिनं जाऊ नये, ताई, तिनं इथंच राहावं असं मला फार, फार वाटतं —

इंजिन का बंद केलंत? तिनं खालून पाना ठोकून खूण केली? कधी? आणि मी एवढ्या मोठ्यानं —

सूनबाई. आली का गं धार? बरोबर आली? बरं. बोल्ट लावलास ना. ये वर, हात दे. हो. ऐकलंस ते खरं आहे. काल उलटं बोललो. — ताई, गाडी झाली तुमची, ठोकळे काढतो, निघा तुम्ही आता. जा. तुला नाही गं म्हटलं, ह्यांना म्हटलं.