ताडपत्रीखालचा उजेड

(गुलबर्ग्याजवळची विमान उडवायला शिकवणारी संस्था. भर दुपार. हँगरचं दार ओढलेलं, दोन आसनांच्या विमानावर काळी ताडपत्री. विमानात बसलेली, तिथं दुरुस्तीचं काम करणारी स्नेहल आणि उडवायला शिकवणारे तिचे मामा.)

स्नेहल : तुमच्या बाजूचं टोक ओढा की मामा. फटीतून ऊन यायलंय.

सुगतमामा : ओढलं. अमावस्या झाली बघ. लाव आता घड्याळांवरचे तुझे दिवे.

स्नेहल : लावले. आता बटण हल्लू फिरवून उजेड कमी करते. लुकलुकतंय का?

सुगतमामा : न्हाई. मागच्या बारीला लुकलुकत होतं, आज कामून न्हाई?

स्नेहल : तवा नुसते एलईडी बसवले होते. जुन्या बटणाशी त्यांचं जमंना. आता बटणबी नवं हाय.

सुगतमामा : बेस. लई भगभगीत नको. आत दिवाळी असली तर बाहेरची धावपट्टी दिसत न्हाई.

स्नेहल : म्हणून तर तपासायले. एक विचारू? त्या जुन्या लाल दिव्याची कुणाचीच तक्रार नव्हती. दुसरे शिकवणारे हणमंतप्पा सर म्हणायले, चांगलं दिसतंय. दिवे बदल म्हणून तुम्हीच मागं लागलाव. कामून?

सुगतमामा : बल्ब म्हातारे झाले होते.

स्नेहल : काढून तपासले मी. चांगले होते.

सुगतमामा : तुझं कामून-कामून काही जायना. सुट्टीत आमच्या गावी कमठाण्याला आलीस की माझा रेडिओ खोलून बसायचीस.

स्नेहल : अन् पेचकस तुम्हीच द्यायचाव. बरं, हे उंची दाखवायचं घड्याळ. त्याच्या बारक्या खिडकीत हवेच्या दाबाचा आकडा हाय. वाचा की.

सुगतमामा : हजार नऊ.

स्नेहल : उजेड वाढवू?

सुगतमामा : कशाला? स्वच्छ दिसायलंय. हजार नऊ.

स्नेहल : हजार नऊ काल तुम्ही लावला होता, मामा. आज सकाळी मी फिरवून ठेवलाय. नऊशे शहाण्णव हाय तिथं. कधीपासून दिसंना?

सुगतमामा : उन्हाळ्यापासून. दिवसा काही न्हाई. अंधार पडला की बारीक आकडे एकमेकांत मिसळतेत. मला वाटलं, बल्बच असतील.

स्नेहल : खरंच वाटलं?

सुगतमामा : वाटून घेतलं. उडवण्याबिगर मला दुसरं काय येतंय, सांग. भ्या वाटलं पोरी.

स्नेहल : आज अंधार पडल्यावर मंजुश्रीला घेऊन जाणार होताव. तिचं पहिलंच रात्रीचं उड्डाण.

सुगतमामा : व्हय. चार दिवस झाले, डोकं खायलीय. सर, वरून आळंदचे दिवे दिसतेत का, अफजलपूरचे दिसतेत का.

स्नेहल : हणमंतप्पा सरांना विचारते. ते नेतील तिला. तुम्ही कामून न्हाई गेलाव म्हणली तर काय सांगू? लाइटचं काम ऱ्हायलंय म्हणू?

सुगतमामा : न्हाई. तुझ्या कामाला कामून नाव ठेवायचं? दिवे एकदम झकास झालेत म्हण. सुगत सरांनाच दिसंना झालंय म्हण.