साहेबांना मंडप नाही

हॅलो? …व्हय, सुलेखा मंडप डेकोरेटर्स. …कोण, आमदार साहेबांचे पीए? बद्रीनाथभाऊ? मग आधी ऐका. तुमच्या साहेबांनी आमच्या पडेगावच्या वस्तीचं पाणी टँकरवाल्यांना विकलं! …नाय, राँग नंबर नाय. बरोबर लागलाय.

सुलेखानं हातातली कनात टाकली आणि बल्ल्यांच्या ढिगावर बैठक मारली. या फोनची ती महिनाभर वाट बघत होती.

…ताई-बिई राहू द्या, काम सांगा. …उद्याचा जनसंवाद मेळावा? दोन हजार खुर्च्या, स्टेजवर कूलर? नाय मिळणार. …अहो, बुकिंग कशाचं! मंडप इथंच पडलाय, त्याच्यावरच बसलीये मी. तरी नाय मिळणार.

…ओळखलं नाय? मागच्या महिन्यात तुमच्या ऑफिससमोर चाळीस बाया एकोणीस दिवस साखळी उपोषणाला बसल्या. पहिल्या रांगेत कोण होतं? …मंडपवाली नाय हो, बसणारी! मंडप बी माझा, उपोषण बी माझं.

…कशाला म्हणजे? नळासाठी! मेन लाईन आमच्या कोपऱ्यापर्यंत आली. पुढं दोनशे फूट खड्डा खणला, पाईप आणून टाकले. आन् टँकर मालक संघटना धरण्याला बसली. एक दिवस. तो मंडप बी मीच घातला, कूलर मीच लावला. धंदाय माझा. तासाभरात साहेब स्वतः खाली आले, समद्यांना वर घेऊन गेले, काजू, चहा… दुसऱ्या दिवशी आमचा खड्डा बुजवला. पाईप तसेच पडलेत, कुत्री व्यायलीत त्यात.

…हो, हो… अहो, ऐका ना! संघटना करायचा हक्क त्यांना बी आहे, मी कुठं नाय म्हणते? मांडू द्या त्यांचं. पण आमची भामाबाई अठराव्या दिवशी उन्हानं चक्कर येऊन पडली, सत्तरीची म्हातारी. तेवढ्यात साहेबांची गाडी गेली. काच वर. काच वर, बद्रीनाथभाऊ!

…दुसरा मंडपवाला? बघा की. उस्मानपुऱ्यातल्या शिवराजला लावा. …लावला? तो बी नाय म्हणला? आन् कडुबा? …फर्दापूरवाला सामान पाठवतो म्हणला, पण बल्ल्या रोवायला माणसं शहरातलीच घ्या म्हणला? घ्या ना मग!

सुलेखा खदखदून हसली. मंडपांची मालक मंडळी काही तिच्या प्रेमापोटी नाही म्हणत नव्हती. शहरभर बल्ल्या रोवणारी, दोर आवळणारी बहुतेक माणसं तिच्याच वस्तीतली. परवा बुद्धविहारात बसून त्यांनी एकमुखानं ठरवलं होतं: साहेबांसाठी एक बल्ली रोवायची नाही. संघटना म्हणजे काय, हे ती टँकरवाल्यांच्या मंडपात कूलर लावता लावता शिकली होती.

…लायसन रद्द करता? करा. कागदाची सावली पडती का बघा. …मे महिना, दुपारचे चार. एकोणीस दिवस नाय, दोनच तास बसायचंय साहेबांना उन्हात. लई तापलं डोकं, तर भामाबाई लिंबूपाणी आणून देईल. टँकरच्या पाण्याचं!

…कोण? साहेब? द्या, द्या ना.

ती उठून उभी राहिली. मान द्यायला नाही. बसून ओरडता येत नाही म्हणून.

साहेब, जय भीम. …आश्वासन नको, त्याचे एकोणीस कागद आहेत घरात. …मिळंल, मंडप मिळंल, तासात माणसं उभी करते. फक्त एक सांगा. आमचा खड्डा बुजवायचा हुकूम कुणी दिला? …नाय, चौकशी नको. नाव पाहिजे. …उद्या मेळाव्यात सांगता? सावलीत बसून? नाय, आत्ता. …हॅलो? …साहेब?

फोन कट झाला होता. सुलेखानं घाम पुसला आणि तोच नंबर पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, मग कुणीतरी उचलला.

हॅलो? सुलेखाच बोलतीये. उत्तर राहिलंय तुमचं. कुणाच्या सांगण्यावरून बुजवला?