दुसरी फ्रेम बापूंची

मी मूळचा वणीचा. गडाच्या पायथ्याची वणी, तीच. बाप लवकर गेला, मग मामानं सांभाळलं, मामाचा स्टुडिओ होता तिथं, स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा आन् एक लाकडी खुर्ची. तिथंच मी शिकलो. मामा लय रागीट. एकदा मी रीळ गुंडाळायच्या आधीच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, उजेड गेला आत, सगळं रीळ जळालं, कुणाच्या तरी जावळाचे फोटो होते त्यात, आन् मामानं जी कानफडात दिली ती अजून वाजतीये बघा. तेव्हापासून भीती बसली. लोकांना वाटतं फोटोग्राफर म्हणजे बिनधास्त माणूस. मी नाय. मी भित्रा हाय, तुमच्यापासून काय लपवायचं ताई.

मामाची एक रीत होती. नवं रीळ घातलं की पहिली फ्रेम आईची, म्हणजे सप्तशृंगीची. बॅगेच्या झाकणाला आतून आईची तसबीर चिकटवलेली, रीळ भरायचं, झाकण उघडायचं, खट. लोक म्हणायचे काय भक्त माणूस हाय. भक्त होताच, पण मला म्हणला, अरे येड्या, रीळ भरताना पहिली फ्रेम कधी कधी जळती, तिच्यात माणूस गेला तर आपल्याला शिव्या, आई काय शिव्या देत नाय. आन् दुसरी फ्रेम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची. का, तर लग्नघरात एकदा गडबड सुरू झाली की त्याला कोण इचारतं, ते आपलं कोपऱ्यात बसून राहतं. पहिली आई, दुसरं वडीलधारं, मग नवरा-नवरी. ही रीत माझ्या हाडात गेली, आन् पुढं तिनंच मला मारलं आन् तिनंच तारलं, तेच तर सांगतोय.

लग्न झाल्यावर नाशकात आलो, पंचवटीत गाळा घेतला. रिळावर बारा-तेरा वर्षं काढली. मग डिजिटल आलं. गिऱ्हाइकं दारातूनच इचारायची, डिजिटल हाय का. नाय म्हणलं की चालली. घेतला मग कॅमेरा, पण मनातून घाबरलेलो. रिळाचं कसं, हातात दिसतं, जळालं तर जळालेलं दिसतं. हे कार्ड म्हणजे बिस्किटाएवढं, त्यात माणसांची लग्नं, आन् वरून बघितलं तर रिकामं आन् भरलेलं सारखंच. लॅबवाल्यानं सांगितलं, तू रॉ मध्ये काढत जा, ती कच्ची फाइल असती, निगेटिव्हसारखी, उजेड कमी-जास्त झाला तरी मागून सुधारता येतो. भित्र्या माणसाला एवढं बास. मी सगळंच रॉ मध्ये काढायला लागलो. पण कच्च्या फायली वजनाला जड, शंभर-सव्वाशे फोटोत कार्ड भरायचं, म्हणून एका लग्नाला दोन कार्डं लागायची. ती मी रिळाच्या काळ्या डब्यांत ठेवायचो. जाकिटाच्या डाव्या खिशात भरलेलं, उजव्या खिशात रिकामं. आन् नवं कार्ड घातलं की आधी फॉरमॅट मारायचा, म्हणजे कार्ड कोरं, जसं काय नवं रीळ भरलं, मग आई, मग वडीलधारं. बोटं आपोआप चालायची, डोळे बघायचेसुद्धा नाय.

तर येवल्याचं लग्न. मुलीचे वडील बापू, पैठणी विणणारे, जन्म मागावर गेलेला. छातीचं दुखणं होतं, लय थकलेले. एकुलती एक पोरगी शैला, तिच्या अंगावरची पैठणी बापूंनी स्वतः विणलेली, मोर असे की वाटावं आत्ता उडतील. सकाळी गेलो, कार्ड घातलं, आईची फ्रेम घेतली आन् दुसरी बापूंची. खुर्चीत बसवलं, शेजारी शैला उभी, अंगणातलं कोवळं ऊन. बापू हसले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दारातून बघितलं आन् म्हणल्या, अगं बाई, यांचे दात मी चार वर्षांनी बघितले. सगळे हसले.

मंगलाष्टकं झाली, कार्ड भरलं, डबीत घातलं, डाव्या खिशात. मग पंगत. पंगतीत कोण्या वाढप्याच्या हातून आमटी सांडली ती नेमकी माझ्या जाकिटावर. शैलाची मावशी आली, काढा काढा म्हणली, डाग पडंल, आत्ता धुवून देते. मी कशाला कशाला म्हणेपर्यंत तिनं ओढून घेतलं. दोन्ही डब्या तेवढ्या मी काढून पँटच्या खिशात टाकल्या. एकाच खिशात. इथं झाली चूक.

पाठवणीची वेळ झाली. खिशातनं डबी काढली, कार्ड घातलं, बोटांनी फॉरमॅट मारला, बॅगेचं झाकण उघडून आईची फ्रेम घेतली, खट. मग बापूंकडं वळलो. ओट्यावर बसलेले, दम लागलेला. म्हणलं बापू, जरा इकडं बघा. तर त्यांनी हात वर केला, असा, आन् म्हणले, सकाळी काढला ना रं बाबा. झाला तेवढा पुरे. मी म्हणलं एकच. तर मान हालवली आन् उठून आत जाऊन पडले.

मला मिनिटभर मोकळं मिळालं. भित्र्या माणसाची खोड, सकाळचे फोटो नीट हायेत का बघावं म्हणून दुसऱ्या डबीतलं कार्ड घातलं. पडद्यावर आलं, फोटो नाहीत. परत बघितलं. फोटो नाहीत. म्हणजे मघाशी पुसलं ते भरलेलं होतं. सकाळ गेली, हळद गेली, मंगलाष्टकं गेली, बापू गेले. बाहेर बँड वाजतोय, शैला आईच्या गळ्यात पडून रडतीये, आन् मी त्या कोऱ्या कार्डावर पाठवणी काढतोय. ते पुसलेलं कार्ड मी परत कॅमेऱ्यात घातलं नाय. अक्कल होती म्हणून नव्हे, हात लावायची भीती वाटली म्हणून. डबीत घातलं, डबी रुमालात बांधली. त्याच वेळी आत जाऊन बापूंना म्हणायला पाहिजे होतं की बापू, माझ्या हातनं चूक झाली, परत एक काढू द्या. नाय म्हणू शकलो. ते अजून खातं मला.

घरी आलो, बायकोला सांगितलं नाय. ती डबी देव्हाऱ्यात आईपुढं ठेवली. हसा, हसा. तीन-चार दिवस नुसती ठेवली, रोज नमस्कार करायचो, जसं काय आईच फोटो परत आणून देणार. जेवण जाईना. बायको म्हणली, कुणाची नजर लागली का, मीठ-मिरच्या उतरून टाकल्या तिनं.

मग एक दिवस सकाळीच येवल्याहून शैलाच्या चुलत्याचा फोन आला. बापू गेले. म्हणला, त्यांचा धड एक फोटो नाय घरात, मतदानाच्या ओळखपत्रावरचा तेवढा हाय, त्यात ओळखू येत नाहीत. तुम्ही लग्नात काढला होता ना सकाळी, हसताना, तोच मोठा करून द्या दहाव्याला, वहिनी तोच मागतायत. आन् मी काय म्हणावं, म्हणलं हो हो, लॅबला दिलाय. तोंडातनं खोटं निघून गेलं ताई. फोन ठेवला. लग्नाचा अल्बम गेला तर माफी मागता येती. मेलेल्या माणसाचा फोटो कुठनं आणू?

देव्हाऱ्यातली डबी घेतली आन् नाशकातल्याच द्वारका चौकात गेलो. तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, नसरीन म्हणून मुलगी बसायची, जुन्या नाशकातली, इंजिनेर. सगळं सांगितलं. बायकोला न सांगितलेलं तिला सांगितलं. ती म्हणली, काका, आधी बसा, पाणी प्या. मग इचारलं, पुसल्यानंतर या कार्डावर किती फोटो काढले? म्हणलं एकच. ती म्हणली, पक्का? एकच? म्हणलं देवीची शपथ, एकच, आन् तोही देवीचाच. तर म्हणली, मग बघू. फॉरमॅट म्हणजे पुस्तकातलं अनुक्रमणिकेचं पान फाडल्यासारखं आहे, धडे आतच राहतात. पण नवा फोटो काढला की तो पहिल्या धड्यावर जाऊन बसतो, तो धडा गेला. दुसरा काढला असता तर दुसऱ्या धड्यावर. मला त्या वेळी काहीच डोक्यात शिरलं नाय, मी फक्त तिच्या तोंडाकडं बघत होतो, डॉक्टरकडं बघतात तसं.

तिनं मशीन लावलं. दुपार झाली. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकतीये. शेवटी फायली निघाल्या, शंभरावर, पण उघडल्या तर नुसती पांढरी पानं. मी म्हणलं, गेलं. ती म्हणली, अहो रॉ आहेत, माझ्याकडं ते उघडायचं सॉफ्टवेअर नाही, कॅमेऱ्याबरोबर सीडी आली असंल ना, ती आणा. रिक्षा करून घरी. कपाट उलटं केलं, सीडी नाय. बायको म्हणली, ती चकचकीत? ती मी गॅलरीत टांगलीये, कबुतरं लय घाण करत होती. बघतो तर खरंच, तुळशीच्या वर दोऱ्यानं टांगलेली, ऊन खातीये, वारं आलं की फिरतीये. मी ओरडलो नाय. माझ्या हातनं काय झालंय ते मला ठाऊक होतं. तोडली, छातीशी धरली आन् परत द्वारका.

नसरीननं ओढणीनं पुसली, घातली, मशीन घरघरलं आन् सीडी बाहेर. परत पुसली. परत घातली. मी आईचं नाव घेत होतो, ती तोंडातल्या तोंडात तिच्या अल्लाचं घेत होती, मला ओठ हालताना दिसले. लागली. पहिली फाइल उघडली, आई. बॅगेच्या झाकणातली आमची आई. म्हणजे आईवर आईच बसली होती ताई, सकाळच्या आईवर संध्याकाळची आई, तेच चित्र, जवळजवळ तेवढंच वजन. नसरीन म्हणली, जरा जरी जड असता ना काका, तर पुढच्याचं डोकं खाल्लं असतं. मग तिनं दुसरी उघडली. वरून हळूहळू रंग भरत आले, आधी कौलं, मग टोपी, मग बापू. हसतायत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओट्यावर मी कॅमेरा लावला होता. दुसरी फ्रेम. ती दाबली असती तर थकलेले बापू या हसऱ्या बापूंवर बसले असते. त्यांनी हात वर केला, झाला तेवढा पुरे म्हणले, म्हणून हे राहिले. तिथं दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, मी ढसाढसा रडलो. लाज वाटली नाय.

दहाव्याला फोटो घेऊन येवल्याला गेलो. फोटोतनं शैलाला काढून टाकलं होतं, जित्या माणसाला हार नको. कोपऱ्यात तिच्या पदराचा काठ तेवढा राहिला, तो कापावासा वाटला नाय, बापूंनीच विणलेला. काकूंपुढं ठेवला आन् एकदाचं सगळं सांगून टाकलं, चूक, खोटं बोललो ते, सगळं. वाटलं आता हाकलून देतील. काकूंनी फोटोतल्या काठावरनं बोट फिरवलं आन् म्हणल्या, ताटात दुसऱ्यांदा कधी वाढू दिलं नाय त्यांनी. पुरे म्हणले की पुरे. तुम्ही जेवून जा.

आता गाळा माझी सूनबाई बघती. ती हसती माझ्यावर, म्हणती मामंजी, आता एका कार्डावर दहा लग्नं मावतात. मावू देत. मी आजही आधी कार्ड उघडून बघतो, दोनदा बघतो, मगच आईची फ्रेम, मग वडीलधाऱ्याची. नसरीनला ईदला फोन करतो. ते कार्ड डबीतच हाय, देव्हाऱ्यात, त्यावर परत काही काढलं नाय. भीती गेली का म्हणाल तर नाय गेली, ती माझ्याबरोबरच जाईल. पण कुणी म्हातारं माणूस हात वर करून म्हणलं ना, राहू दे रं, झाला तेवढा पुरे, तर मी एका शब्दानं आग्रह करत नाय. कॅमेरा खाली घेतो आन् पाया पडतो.