उदगीरच्या पाहुण्यांचं आवडतं पुस्तक

तुम्हाला सांगते, आमच्या शेजारच्या स्वातीचं लग्न एका पुस्तकापायी मोडता मोडता राहिलं बघा. उदगीरच्या पाहुण्यांना पोरगी पसंत होती, पण जाताना मुलाच्या आईनं एक जाडजूड कादंबरी तिच्या हातात ठेवली. "मी सगळ्यांना हेच वाचा म्हणते. मोठ्या सुनेला तर लई आवडलं. तू पण वाच, मग पुढचं बोलू."

आठ दिवसांनी मंडळी मोठ्या सुनेला घेऊन परत आली. पोहे द्यायच्या निमित्तानं मी तिथंच बसले.

"कसं वाटलं पुस्तक?" मुलाच्या आईनं विचारलं.

स्वाती पुस्तकाचा कोपरा चाचपत बसली. तिच्या आईचं तोंड एवढंसं झालं. मी स्वातीला कोपरानं ढोसलं, "बोल की गं!"

"काकू, निम्मंच वाचलं," ती हळूच म्हणाली. "पुढची पानं एकमेकांना जोडलेलीच हायेत, छापल्यापासून कुणी कापलीच न्हाईत. तुमचं पुस्तक, न विचारता कसं कापू?"

मी पुस्तक ओढूनच घेतलं. खरंच की! आत बोट जाईना.

मोठ्या सुनेला पोह्यांचा ठसका लागला. सासरे म्हणाले, "का गं, तू तर दोनदा वाचलं म्हणालीस?"

ती सासूकडं बघत म्हणाली, "मामा, मला तर आत्याबाईंनीच सांगितलं, शेवट लई गोड हाय म्हणून!"

आता सगळे मुलाच्या आईकडं बघायला लागले. तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरगी पसंत हाय, तारीख काढा. आणि ताई, घरात ब्लेड असलं तर आधी ते आणा."